आबांचा पक्षाघात आणि रिपोर्टातल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी

निखारा | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, नमस्कार. मी इथे वर्षानुवर्षं नुसता वाचून जाणारा. आज लिहायची वेळ आली.

शुक्रवारी पहाटे पाचला आबा नेहमीसारखे धार काढायला गोठ्यात गेले. थोड्या वेळाने चरवी पडल्याचा आवाज आला म्हणून आई बघायला गेली, तर आबा गव्हाणीला टेकून बसलेले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलायला जातात तर नुसतं 'ह... ह...'. शेजाऱ्याच्या बोलेरोत घालून कराडला आणलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, गुठळी आहे म्हणाले आणि आठच्या सुमारास गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. पाय आता थोडा हलतो. हात आणि बोलणं अजून नाही.

माझा प्रश्न सीबीसीबद्दल, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीबद्दल आहे. दाखल केलं तेव्हा टोटल काउंट ९,८०० होता, आज १५,२००. त्यात न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट ८ (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार). ताप नाही. राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "स्ट्रेसने वाढतात, होतं असं." मेहुणा एका लॅबमध्ये आहे, तो फोनवर म्हणतो इन्फेक्शनच आहे, अँटिबायोटिक चालू करायला लावा. आणि मी वेटिंग हॉलमध्ये मोबाईलवर वाचत बसलो तर तिसरंच निघालं. पक्षाघातानंतर या पेशीच मेंदूत घुसून नासधूस करतात म्हणे! शाळेत तर शिकलो होतो की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. मग सैनिक घरच्यांवरच का उठले? आणि तसं असेल तर त्यांना थांबवायचं औषध का देत नाहीत?

---

टपरीवरचा_चहा | सोमवार, रात्री ११:२४

आबांना लवकर आराम पडो. वेळेत नेलंत हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे अजून आधी अंगारा आणि मग ॲम्ब्युलन्स.

---

ओपीडी_नंतर | सोमवार, रात्री ११:५२

निखारा, तुम्ही ऐकलेल्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, घोळ तिथेच आहे. ताण, इन्फेक्शन आणि मेंदूतली जळजळ, तिघांचाही आकडा त्याच एका रकान्यात येऊन पडतो. धाग्यावर बसून तो सोडवता येणार नाही, पेशंट बघणाऱ्यालाच ते ठरवू दे. उद्या राउंडला एवढं विचारा: छाती ऐकली का, लघवीची नळी कधीपासून आहे, सलाइनची जागा लाल झाली आहे का.

मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधला एक हिशोब आम्ही सगळे पाठ म्हणतो. त्यामुळे बोलेरोवाल्या शेजाऱ्याला पहिला नमस्कार माझ्याकडून. बाकी सविस्तर भिंगवाले काका सांगतील, त्यांचा प्रांत आहे.

---

भिंगवाला | मंगळवार, सकाळी ६:३५

ओपीडीने नाव घेतलंच आहे तर लिहितो. एकतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. निवृत्त झालो, पण पहाटे जाग येतेच.

आधी 'सैनिक' डोक्यातून काढ रे बाबा. पाठ्यपुस्तकांनी ते चित्र रंगवलं आणि मग या पेशींचं काहीच समजेनासं झालं. न्यूट्रोफिल हा माझ्या मते जेसीबी आहे. गल्लीत भिंत पडली की ढिगारा उपसायला पहिला तोच येतो. गल्ली अरुंद असली तर जाता जाता चार घरांचे ओटे आणि नळाची पाइपलाइनही घेऊन जातो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला मन नसतंच.

आता तुझा आकडा. आपल्या न्यूट्रोफिलपैकी निम्म्याच्या आसपास कोणत्याही क्षणी वाहत्या रक्तात नसतातच, शिरांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात. मोठा धक्का बसला, अ‍ॅड्रेनलिन सुटलं की त्यांतले बरेच सुटून प्रवाहात येतात. नवीन काही तयार न होता आकडा काही मिनिटांत वाढलेला दिसतो. मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं, तसा अस्थिमज्जेतून आणखी माल येतो आणि त्याच वेळी लिम्फोसाइट मात्र घसरतात. ८६ वर ८ हे चित्र पक्षाघातात ओळखीचं आहे. ८६ ला ८ ने भागलं की पावणेअकराच्या आसपास येतं. या भागाकारालाच आजकाल एनएलआर म्हणतात. तो जितका जास्त, तितका पुढचा प्रवास बिकट, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण ते शेकडो पेशंटच्या सरासरीत. एकट्या आबांचं भविष्य त्यातून वाचू नकोस.

मेहुण्याला मात्र माझा निरोप दे: यंत्राने छापलेला आकडा सोड आणि काचेवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, ओढून बघ. लिशमन रंगात न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं, जांभळं दिसतं, पाकळ्या बारीक धाग्याने जोडलेल्या. खरं जिवाणूंचं इन्फेक्शन पेटलेलं असलं तर पाकळ्या न पडलेले, घोड्याच्या नालासारख्या केंद्रकाचे कच्चे न्यूट्रोफिल दिसायला लागतात आणि पिकलेल्यांच्या पोटात काळपट जाड दाणे. तेही काही ब्रह्मवाक्य नाही, पण 'वाढले म्हणजे इन्फेक्शन' यापेक्षा बरं.

आता मेंदूत काय होतं ते. गुठळीने रक्त तोडलं की मधला गाभा काही मिनिटांत मरतो. भोवतीचा पट्टा अर्धपोटी तग धरून असतो आणि सगळी लढाई त्या पट्ट्यासाठी असते. मरणाऱ्या पेशी फुटतात, आतला ऐवज बाहेर सांडतो, त्याचा वास मेंदूतल्या राखणदार पेशींना, मायक्रोग्लियाला, लगेच लागतो. त्या रसायनं सोडतात. मग रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर चिकट रेणू उगवतात. एरवी गुळगुळीत असलेली भिंत फणसाच्या चिकाने माखल्यासारखी होते. वाहत जाणारा न्यूट्रोफिल आधी गडगडतो, मग अडखळतो, मग चिकटतो. हे पहिल्या काही तासांतच सुरू होतं आणि एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं.

तिथे तो तीन उद्योग करतो. एक, केशवाहिनीत बूच होऊन बसतो. तांबडी पेशी लवचिक, घडी घालून निघून जाते. हा आकाराने मोठा आणि अंगाने ताठर. म्हणून मोठी वाहिनी मोकळी झाली तरी मागच्या बारीक वाहिन्यांत रक्त पोचेलच असं नाही. मुख्य कालवा सुटला पण पाटात गाळ, तशातली गत. दोन, त्याच्या पोटातली विकरं, विशेषतः एमएमपी-९ नावाचं, रक्तवाहिनीच्या भिंतीचं अस्तर विरघळवतात. मेंदू आणि रक्त यांच्यामधला बांध असा फुटला की सूज येते आणि कधी कधी त्या मेलेल्या भागात रक्तस्रावही होतो. गुठळीच्या इंजेक्शननंतर डोकं दुखतंय का, गुंगी वाढतेय का असं सिस्टर सारखं का विचारत होत्या, ते यावरून कळेल. तीन, ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतो, ते जिवाणू मारायला असतात. इथे जिवाणू नाहीत, शेजारचे अर्धपोटी न्यूरॉन आहेत.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत मोनोसाइट, पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार, येतात, मॅक्रोफेज म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी होतात आणि मेलेले न्यूट्रोफिल, तुटलेलं मायलिन (चेतातंतूंवरचं वेष्टन), सगळं गिळायला लागतात. काही आठवड्यांनी मेलेल्या भागाचा छेद घेतला तर चरबीने फुगलेले, फेसाळ मॅक्रोफेज नुसते खच्चून भरलेले दिसतात. ते काम झालं नाही तर दुरुस्ती सुरूच होत नाही. उंदरांत मोनोसाइटची वाट अडवून पाहिली, तर उलट उशिराचा रक्तस्राव वाढला. मोडतोड करणारे आणि आवरणारे एकाच गोतावळ्यातले आहेत, फक्त तारखा वेगळ्या.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:०४

काका, नेहमीप्रमाणे उत्तम. पण निखाराच्या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही बगल दिलीत. पहिल्या तीन दिवसांत न्यूट्रोफिल घात करतात हे माहीत आहे, तर तीन दिवस त्यांना बांधून ठेवायचं. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही, की त्यात पैसा नाही म्हणून?

---

उत्तरध्रुव | मंगळवार, दुपारी २:१८

शंकासुरा, सुचली आणि पैसाही ओतला. मी जर्मनीत याच विषयाच्या आसपास पोटाची सोय करते, म्हणून थोडा इतिहास.

काकांनी म्हटलेल्या त्या चिकट रेणूंपैकी एक आयसीएएम-१. त्यालाच झाकून टाकणारी एन्लिमोमॅब नावाची अँटिबॉडी होती. प्राण्यांत छान चालली. मग ६२५ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००१ मध्ये छापून आला. औषध मिळालेल्यांत २२.२ टक्के दगावले, नुसतं पाणी मिळालेल्यांत १६.२ टक्के. औषधाने माणसं जास्त मेली! कारण नंतर उमगलं: ती अँटिबॉडी उंदराची होती, माणसाच्या शरीराने ती परकी म्हणून ओळखली आणि ज्या न्यूट्रोफिलना शांत करायचं त्यांनाच तिने चेतवलं.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. कुत्र्याच्या आतड्यातला आकडेकृमी यजमानाचं रक्त पितो, पण यजमानाचे न्यूट्रोफिल आपल्यावर चालून येऊ नयेत म्हणून एक प्रथिन सोडतो. त्या प्रथिनाचं औषध बनवलं. ९६६ रुग्ण, पंधरा वेगवेगळे डोस, २००३ मध्ये निकाल. त्रास काही झाला नाही आणि फायदाही शून्य. चाचणी मध्येच थांबवली. जंताला जमतं ते कंपनीला जमलं नाही.

मग नटालिझुमॅब, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उपयोगी पडणारं औषध. २०१७ ची चाचणी, १६१ रुग्ण, मेलेल्या भागाचा आकार कमी झाला नाही. पुढच्या चाचणीतही हाती काही लागलं नाही. त्याआधी, २०१५ मध्ये, म्युनिकच्या पुढाकाराने सहा प्रयोगशाळांनी मिळून याच जातीची अँटिबॉडी उंदरांवर तपासली होती, तेव्हा लहान पक्षाघातात फायदा दिसला, मोठ्यात नाही.

असं का होतं? एक कारण उंदीर. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या रक्तात लिम्फोसाइटचं राज्य असतं, माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिलचं. उंदराचा काउंट घेऊन माणसाचा इलाज ठरवायचा म्हणजे बैलाच्या मापाने घोड्याचं खोगीर शिवायचं. दुसरं, वेळ. उंदराला गुठळी आपण घालतो, मिनिट माहीत असतं. माणूस पाच-सहा तासांनी येतो. आणि तिसरं कारण, ज्यावर आमच्याकडे अजून कडाडून भांडणं होतात: न्यूट्रोफिल मेंदूच्या गाभ्यात खरंच किती शिरतात? उंदीर आणि मृत रुग्ण यांचे छेद नीट बघणाऱ्या काही गटांचं म्हणणं, ते बहुतेक रक्तवाहिनीच्या आत आणि तिच्याभोवतीच्या फटीतच अडकलेले असतात. तसं असेल तर 'मेंदूत घुसून नासधूस' हे निखाराने वाचलेलं वाक्य अर्धंच खरं. नासधूस दाराशी बसूनही करता येतेच म्हणा.

---

भिंगवाला | मंगळवार, दुपारी ३:४०

फटीबद्दल सहमत. आम्ही जुने लोक 'आत शिरले' असं सरसकट लिहून मोकळे व्हायचो. बाई, ते कवटीचं पण सांग.

---

उत्तरध्रुव | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

हो काका. २०१८ मध्ये बोस्टनच्या एका गटाने दाखवलं की कवटीच्या हाडातल्या मज्जेपासून थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या आहेत. उंदरात नडगीच्या मज्जेतले न्यूट्रोफिल एका रंगाने आणि कवटीतले दुसऱ्या रंगाने खुणावले, मग पक्षाघात घडवला. कवटीतून आलेले जास्त निघाले. माणसाच्या कवटीतही अशा नळ्या सापडल्या. म्हणजे जेसीबी जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायची वाट बघायला नको, माळ्यावरच उभा आहे.

आणि गुठळीबद्दल एक. न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो, हे २००४ मध्ये बर्लिनच्या लोकांनी पहिल्यांदा दाखवलं. नंतर बेल्जियम आणि फ्रान्समधल्या गटांनी तारेच्या जाळीने रुग्णांच्या मेंदूतून ओढून काढलेल्या गुठळ्या तपासल्या, तर त्यांत ही डीएनएची जाळी विणलेली. गुठळी बशीत ठेवून नुसतं नेहमीचं औषध घातलं तर ती हळू विरघळते, सोबत डीएनए कापणारं विकर घातलं तर लवकर. ओढून काढलेली गुठळी मी पाहिली आहे, पांढऱ्या गॉजवर तांदळाच्या दाण्याएवढी, अर्धी लालभडक आणि अर्धी फिकट. एवढ्याशा गोष्टीने माणसाची वाचा जाते. मला तर वाटतं न्यूट्रोफिलना बांधण्यापेक्षा हा रस्ता खरा आहे.

---

टपरीवरचा_चहा | मंगळवार, रात्री ८:३०

अडाणी प्रश्न. सूज येते तर स्टेरॉइड का नाही? आमच्या तालुक्याला पॅरालिसिस म्हटलं की डेक्साचं इंजेक्शन ठरलेलं.

---

ओपीडी_नंतर | मंगळवार, रात्री ९:१५

प्रश्न अडाणी नाही, ती सवय अडाणी आहे. मेंदूतल्या ट्यूमरभोवतीच्या सुजेला डेक्सा लागू पडतं. पक्षाघातातली सूज वेगळी, तिथे ते देऊ नये असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. साखर वाढते, इन्फेक्शन वाढतं. चीनमध्ये गुठळी ओढून काढतानाच कमी मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन देऊन मोठी चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला. मृत्यू काहीसे कमी दिसले, पण जगलेल्यांचं अपंगत्व कमी झालं का या मुख्य प्रश्नावर ठोस फरक नाही. ते खास परिस्थितीतलं. त्यावरून कुणी तालुक्यातल्या डेक्साचं समर्थन करू नये.

---

सईची_आई | मंगळवार, रात्री १०:२०

मोठी चर्चा चालली आहे, मला त्यातलं फार कळत नाही. पण निखारादादा, एक विचारू? आबा चहा-पाणी पिताना खोकतात का? माझ्या सासूबाईंना झालं तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

---

निखारा | मंगळवार, रात्री १०:३१

हो. काल संध्याकाळपासून. आई बशीतून चहा पाजते, पार्लेचं बिस्कीट बुडवून. प्रत्येक घोटाला ठसका लागतो, नंतर आवाज घोगरा येतो. आम्हाला वाटलं पडून पितात म्हणून.

---

ओपीडी_नंतर | मंगळवार, रात्री १०:३४

तोंडाने काहीही देणं आत्ता थांबवा. पाणीसुद्धा नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरना आत्ताच जाऊन सांगा, सकाळची वाट बघू नका. धागा नंतर वाचा.

---

निखारा | बुधवार, दुपारी १:०५

रात्रीच सांगितलं. सिस्टरनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. पहाटे ताप आला, १०१. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खाली पॅच आहे. अँटिबायोटिक सुरू झालं, नाकातून राइल्स ट्यूब घातली. सईच्या आई, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. आई सारखी म्हणतेय, मीच चहा पाजला.

म्हणजे मेहुणा बरोबर होता का? मग सोमवारीच अँटिबायोटिक दिलं असतं तर?

---

भिंगवाला | बुधवार, दुपारी १:५०

आईला म्हणावं, अशा पेशंटच्या निम्म्या घरांत हेच होतं. तिने माया केली. गिळण्याची चाचणी केल्याशिवाय तोंडाने द्यायचं नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

---

उत्तरध्रुव | बुधवार, दुपारी ४:२५

निखारा, इथेच या पेशींची दुसरी बाजू येते. एकीकडे मेंदूत त्यांचा धुमाकूळ चालतो आणि त्याच वेळी बाकी शरीरात पहारा ढिला पडलेला असतो. जखमी मेंदू नसांतून आणि कॉर्टिसॉलमधून असे संदेश पाठवतो की लिम्फोसाइट झपाट्याने कमी होतात. उंदरांत तर प्लीहा आकसते. तुमच्या रिपोर्टातले ते ८ टक्के आठवा. बर्लिनमध्ये २००३ साली हे उंदरांत दाखवलं: पक्षाघातानंतर त्यांना आपोआप न्यूमोनिया व्हायचा, आणि प्रोप्रॅनोलॉल दिलं, म्हणजे तो नसांचा संदेश अडवला, की संसर्गही कमी आणि मृत्यूही कमी. त्यात गिळणं बिघडलेलं, म्हणजे जिवाणूंना वाट मोकळी आणि दारावर कुणी नाही. आता विचार करा, न्यूट्रोफिल बांधून ठेवायचं औषध चाललं असतं तरी अशा आठवड्यात ते आबांना द्यायला कुणी धजावलं असतं का?

'सोमवारीच अँटिबायोटिक' हेही करून पाहिलंय. नेदरलँड्समध्ये २,५५० रुग्ण, निम्म्यांना आधीच सेफ्ट्रायॅक्सोन, २०१५ चा निकाल. लघवीचं इन्फेक्शन कमी झालं, न्यूमोनिया नाही, आणि तीन महिन्यांनी रुग्णांच्या स्थितीत फरक नाही. त्यामुळे सोमवारी डॉक्टरांनी थांबणं चूक म्हणवत नाही. ठसक्याबद्दल कुणी विचारलं नाही, ती चूक.

---

ओपीडी_नंतर | बुधवार, रात्री ११:१०

त्याच ठसक्याबद्दल, झोपायच्या आधी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९ स्ट्रोक युनिट घेतली आणि त्यांतल्या दहांतल्या नर्सेसना फक्त तीन गोष्टींवर पक्कं बसवलं: ताप, साखर, गिळणं. नवं औषध एकही नाही. २०११ चा निकाल: तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेले बाकीच्या युनिटमध्ये ५८ टक्के, या युनिटमध्ये ४२. पांढऱ्या पेशींच्या एकाही औषधाने अजून याच्या जवळपासही काही करून दाखवलेलं नाही. आमच्या वॉर्डात हा तक्ता भिंतीवर लावलाय, त्यावर कुणीतरी बदली ड्यूटीची यादी चिकटवली होती. काल काढली.

---

शंकासुर | गुरुवार, सकाळी ८:४५

उत्तरध्रुव, कंपन्यांवरचा संशय मागे घेत नाही, पण जंतवाली गोष्ट कार्यालयात सगळ्यांना सांगितली. जेवणाच्या सुट्टीत सांगायला नको होती.

---

निखारा | पुढचा सोमवार, संध्याकाळी ६:१५

ताप तीन दिवस नाही. आजचा काउंट १०,१००, न्यूट्रोफिल ७४, लिम्फोसाइट १८. मेहुण्याने काकांच्या सांगण्यावरून स्मिअर मागवून बघितला, म्हणाला आता कच्चे दिसत नाहीत. बुधवारच्या काचेवर होते.

गिळण्याच्या व्यायामाच्या मॅडम रोज येतात. आज चमचाभर घट्ट केलेलं पाणी आबांनी न ठसकता गिळलं. नळी अजून आहे. आई त्यातून दूध सोडायला लागली की आबा डाव्या हाताने बशीसारखा पंजा करून दाखवतात आणि भुवई वर करतात. म्हणजे, चहा कधी?